टायटॅनियम गंजत नाही, मग त्यावर लेप कशासाठी?

प्रश्न : टायटॅनियम गंजत नाही असे म्हणतात. तरीही शरीरात बसवायच्या टायटॅनियमच्या भागांवर वेगळा लेप का देतात?

उत्तर : टायटॅनियम मुळात अतिशय क्रियाशील धातू आहे आणि गंमत अशी की, हीच क्रियाशीलता त्याचे रक्षण करते. हवेशी संपर्क येताच त्याच्या पृष्ठभागावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर तयार होतो. शरीरद्रवातील क्लोराइड आयन, जे साध्या पोलादाला सहज पोखरतात, त्यांचा या थरापुढे फारसा निभाव लागत नाही. ओरखडा पडला तरी थर क्षणार्धात पुन्हा धरतो.

अडचण येते ती घर्षणाने. कृत्रिम सांध्याचे दोन भाग जिथे एकमेकांत घट्ट बसवलेले असतात, तिथे पावलागणिक सूक्ष्म हालचाल होऊन थर पुन्हापुन्हा खरवडला जातो आणि अरुंद फटीत प्राणवायू कमी व आम्लता जास्त असल्याने तो नीट भरून येत नाही. म्हणून विद्युतप्रवाहाच्या साहाय्याने, म्हणजे अ‍ॅनोडायझिंगने, तो जाड करतात (रोपणांवर दिसणारी निळी-जांभळी छटा रंगाची नसून या थराच्या जाडीमुळे येते), किंवा टायटॅनियम नायट्राइडचा सोनेरी, कठीण लेप देतात. हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइटचा लेप मात्र मुख्यतः गंजरोधासाठी नसतो. हाडातील खनिजाशी त्याचे साधर्म्य असल्यामुळे हाड त्याला लवकर धरते.

कठीण लेप दिला की निश्चिंती, असे मला वाटत नाही. त्याचा टवका उडाला, तर तो ऑक्साइडच्या थरासारखा आपोआप भरून येत नाही आणि सुटलेले कण झीज वाढवतात.