ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर आकाश पांढरंफटक येतं, ढग दिसतच नाहीत. काय करावं?

लेन्सवर पिवळा फिल्टर लावा. आकाश आणखी गडद हवं असेल तर नारिंगी, जवळजवळ काळं हवं असेल तर लाल. फिल्म निळ्या रंगाला आपल्या डोळ्यांपेक्षा जास्त संवेदनशील असते. त्यामुळे निगेटिव्हवर (जिथे उजेड काळा उमटतो) आकाश ढगांइतकंच दाट, म्हणजे काळं होतं आणि प्रिंटमध्ये दोन्ही पांढरे उमटतात. फिल्टर आकाशाचा निळा प्रकाश अडवतो, ढगांचा बराचसा जाऊ देतो. अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९२७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमधल्या हाफ डोम या डोंगराचा कडा आधी पिवळ्या फिल्टरने टिपला. पण मनातलं गडद आकाश त्यात येणार नाही हे ओळखून शेवटची उरलेली प्लेट (फिल्मऐवजी वापरायची काच) गडद लाल फिल्टरवर खर्च केली, आणि तोच फोटो गाजला. तरी सुरुवात पिवळ्यापासूनच करा, कारण उन्हातल्या सावल्यांवर प्रकाश आकाशाचा, म्हणजे निळाच पडतो, आणि लाल फिल्टर त्याही काळ्याकुट्ट करून टाकतो. फिल्टर प्रकाश अडवतो, म्हणून एक्सपोजर (फिल्मवर पडू द्यायचा प्रकाश) वाढवायला विसरू नका:

- पिवळा: साधारण १ स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट)
- नारिंगी: २
- लाल: ३

आभाळ पूर्ण भरून आलेलं असेल तर मात्र यातला कुठलाही फिल्टर उपयोगाचा नाही. अडवायला निळा रंगच नसतो.