आर्या : अर्थ, वृत्त आणि आजी

प्रश्न असा आहे : "मुलीचं बारसं दोन आठवड्यांवर आलंय. मला आर्या हे नाव आवडलंय. सासूबाई म्हणतात, हे तर वंशाचं नाव, शिवाय मुलाचं. नावांच्या एका यादीत अर्थ 'देवी पार्वती' दिलाय, दुसऱ्या यादीत 'सिंहीण'. खरा अर्थ काय? आणि हल्ली इतक्या आर्या कुठून आल्या?"

आधी सिंहिणीबद्दल. संस्कृतात आर्या म्हणजे सिंहीण नव्हे. हिब्रू भाषेत सिंहाला 'आर्ये' म्हणतात, तिथून ही गल्लत झालेली दिसते. इटालियनमध्ये 'आरिया' म्हणजे हवा आणि गाण्याची चीजही. नावांच्या याद्या करणारे उच्चार जुळला की अर्थही जोडून टाकतात आणि पुढच्या याद्या तोच उचलतात. तुमच्या मनात मुलीचं संस्कृत नाव असेल तर सिंहिणीला निरोप द्या.

आर्या हे 'आर्य' या विशेषणाचं स्त्रीलिंगी रूप. अर्थ आदरणीय, मान द्यावा अशी, सभ्य वर्तनाची. कोशातला अर्थ एवढाच. पण मला हा शब्द आवडतो तो हाक म्हणून. संस्कृत नाटकाच्या सुरुवातीला सूत्रधार पडद्याकडे बघून नटीला बोलावतो, तो 'आर्ये' म्हणूनच. शाकुंतलातही तसंच आहे : तयारी झाली असेल तर इकडे या, आर्ये. घरातल्या, बरोबरीच्या, मान ठेवायच्या बाईला मारायची ही हाक. बायको नवऱ्याला 'आर्यपुत्र' म्हणायची, म्हणजे मान्य माणसाचा मुलगा, आपल्या भाषेत सासऱ्यांचा मुलगा. नाव न घेता नवऱ्याला हाक मारायची ही रीत आपल्याकडे अगदी परवापर्यंत होती. नाटकातल्या स्त्रिया प्राकृत बोलतात, त्यामुळे त्यांच्या तोंडी हा शब्द 'अज्जउत्त' असा येतो.

त्या 'अज्ज'पाशी जरा थांबू या. संस्कृतातल्या 'र्य'चा प्राकृतात पुष्कळदा 'ज्ज' होतो आणि मराठीत येईपर्यंत जोडाक्षर सुटून आधीचा स्वर लांबतो. कार्यचं कज्ज झालं आणि कज्जचं काज, ते आपण 'कामकाज'मध्ये रोज वापरतो. आर्यक म्हणजे मान्य पुरुष, वडीलधारा. त्याचा अज्जअ आणि मग आपला आजा. आर्यिकेची आजी. शेजारच्या कानडीतही अज्ज आणि अज्जी आहेतच. तेव्हा सासूबाईंना एवढंच सांगा, की बारशाच्या दिवसापासून या घरात त्यांना ज्या नावाने हाक मारली जाणार आहे ते आणि नातीचं नाव एकाच मुळातून आलेलं आहे. नात मूळ संस्कृत रूपात, आजी घरात वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या रूपात. मला स्वतःला हे पहिल्यांदा उमगलं तेव्हा दिवसभर दुसरं काही सुचलं नव्हतं.

वंशाची शंका मात्र गांभीर्याने घ्यायला हवी. ऋग्वेदात आर्य हा शब्द दास आणि दस्यू यांच्याविरुद्ध येतो, तिथे 'आपली माणसं' आणि 'परकी माणसं' असा भेद आहेच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण रंग, नाकाची ठेवण आणि रक्त यांवरून मोजायचा 'आर्य वंश' ही एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची कल्पना. विसाव्या शतकात तिच्या नावाखाली जे घडलं त्यामुळे शब्दावर डाग पडला. आपल्याकडे मात्र त्याचा रोख वागणुकीवर राहिला. गीतेत अर्जुन शस्त्र टाकू लागतो तेव्हा कृष्ण त्याच्या वागण्याला 'अनार्यजुष्ट' म्हणतो. अर्जुनाचा वंश काही त्या क्षणी बदललेला नव्हता. बुद्धाची चार सत्यं ती 'आर्यसत्यं' आणि त्याचा मार्ग तो 'आर्य अष्टांगिक मार्ग'. तिथे जन्माने कोणी आर्य ठरतच नाही. कोल्हापूर-सांगलीकडच्या जैन घरांत दीक्षा घेतलेल्या साध्वीला आजही 'आर्यिका' म्हणतात. बौद्ध, जैन, वैदिक या तिन्ही परंपरांनी आदरासाठी राखून ठेवलेला शब्द चार जणांनी नासवला म्हणून आपण तो सोडून द्यावा, असं मला वाटत नाही.

'देवी पार्वती' हा अर्थ बरोबर आहे, फक्त तो शब्दाचा अर्थ नाही, ते देवीचं नाव आहे. दुर्गेच्या अष्टोत्तरशत नामांच्या स्तोत्रात एक ओळ आहे : 'आर्या दुर्गा जया चाद्या त्रिनेत्रा शूलधारिणी'. ही ओळ आजच्या बालवाडीच्या हजेरीपटासारखी वाटते ना? आर्या, जया, आद्या. राजापूर तालुक्यात देवीहसोळला आर्यादुर्गेचं देऊळ आहे. त्याच्या जवळच्या सड्यावर कातळात खोदलेलं प्राचीन चित्र आहे, कोकणातल्या कातळशिल्पांपैकी एक. कारवारकडे अंकोल्यालाही आर्यादुर्गा आहे. कोकण-गोव्याकडच्या पुष्कळ घरांची ती कुलदेवता. त्या घरांमध्ये हे नाव नवं नाहीच, देवघरातून पाळण्यात आलं इतकंच.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. आर्या हे एका वृत्ताचंही नाव आहे. अक्षरगणवृत्त नव्हे, मात्रावृत्त, म्हणजे मात्रा मोजून बांधायचं : ऱ्हस्व अक्षराची १, दीर्घाच्या २. पहिल्या चरणात १२ मात्रा, दुसऱ्यात १८, तिसऱ्यात १२, चौथ्यात १५. आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलोय ती ओळ घ्या :

सुश्लोक वामनाचा, अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची ।
ओवी ज्ञानेशाची, किंवा आर्या मयूरपंताची ॥

बोटांवर मोजून बघा. 'सु' ऱ्हस्व आहे, पण पुढे 'श्लो' हे जोडाक्षर आलं म्हणून त्याच्या २ मात्रा. श्लो २, क १, वा २, म १, ना २, चा २. झाल्या १२. 'अभंगवाणी प्रसिद्ध तुकयाची' मोजलंत तर १८ भरतील. 'ओवी ज्ञानेशाची' पुन्हा १२, सहा गुरू, म्हणजे दोन मात्रांची, अक्षरं, सरळ हिशेब. शेवटच्या चरणात मात्र १५ ऐवजी १८ निघतात. चूक नाही ती. दुसरा आणि चौथा चरण दोन्ही १८ मात्रांचे असले की त्या आर्येला 'गीति' म्हणतात, आणि मोरोपंतांच्या (ओळीतले मयूरपंत ते हेच) बहुतेक 'आर्या' प्रत्यक्षात गीतीच आहेत. म्हणजे ज्याने कोणी ही ओळ रचली त्याने मोरोपंतांची थोरवी त्यांच्याच वृत्तात सांगितली. अठराव्या शतकात बारामतीला बसून या माणसाने अख्खं महाभारत याच चालीत मराठीत आणलं.

आणि हे वृत्त मोरोपंतांपेक्षा कितीतरी जुनं. प्राकृतात त्याला 'गाहा' म्हणतात. सातवाहन राजा हाल याच्या नावावर असलेली 'गाहासत्तसई', महाराष्ट्री प्राकृतातली ती सातशे मुक्तकं, याच वृत्तातली. गोदाकाठची शेतं, मामी-आत्या, प्रवासाला गेलेला नवरा, असं सगळं त्यात आहे. आर्यभटाने इसवी सन ४९९ च्या सुमारास आपलं गणित आणि ग्रहगतीही आर्यांमध्येच बांधली, ईश्वरकृष्णाने सांख्यकारिका हा सांख्य तत्त्वज्ञानाचा ग्रंथ आर्यांमध्येच सांगितला. एका मुलीच्या नावात देवी, आजी आणि कविता तिन्ही सापडाव्यात, असं दुसरं नाव मला पटकन आठवत नाही.

इतक्या आर्या कुठून आल्या? दोन अक्षरी, शेवटी 'या' असलेल्या नावांची आपल्याकडे मोठी लाट आली : श्रेया, रिया, काव्या. आर्या त्याच मापाचं, उच्चाराला सोपं, परदेशातल्या मावशीलाही जमणारं. २००८-०९ मध्ये 'सारेगमप'च्या लिटल चॅम्प्समध्ये आर्या आंबेकर गायला लागली आणि हे नाव महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येऊ लागलं. केरळातही ते खूप आहे. २०२० मध्ये २१ व्या वर्षी तिरुवनंतपुरमची महापौर झालेली तरुणी आर्या राजेंद्रनच. अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका २०११ मध्ये सुरू झाल्यावर आर्या नाव मुलींच्या याद्यांमध्ये भराभर वर चढलं. त्या मालिकेतली आर्या कल्पित जगातली, तिचा आपल्या आर्येशी संबंध नाही. पण परदेशात राहणार असाल तर तिच्याबद्दल विचारणारे भेटतील, हे लक्षात ठेवा.

मुलाचं नाव की मुलीचं, हा घोळ रोमन लिपीचा. देवनागरीत 'आर्य' मुलगा आणि 'आर्या' मुलगी, काना सगळं सांगून जातो. इंग्रजीत मात्र दोघंही ए-आर-वाय-ए. तमिळ चित्रपटांतला नट आर्या हा पुरुष, इराणमध्येही हे मुलाचं नाव. माझ्या भाचीला शाळेत पहिल्याच दिवशी मुलांच्या रांगेत उभं केलं होतं, कारण यादी इंग्रजीत होती. शक्य असेल तर शेवटी दोन ए लिहा.

आणि देवनागरीतही जपा. नाव 'आर्या' आहे, रफार देऊन, 'आर्'वर आघात देऊन म्हणायचं. 'आऱ्या' नव्हे. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या, तसाच हा फरक. 'आऱ्या' म्हणजे चामडं शिवायच्या आरीचं अनेकवचन. पहिलं अक्षर ऱ्हस्वही नको, कारण संस्कृतात 'अर्य' हा वेगळा शब्द आहे, मालक आणि वैश्य या अर्थांचा. फोनवर टाइप करताना यातली कुठलीही चूक सहज होते. जन्मदाखल्याचा अर्ज भराल तेव्हा मराठी रकाना तुम्ही स्वतः लिहा, आणि छापील प्रत हातात आली की खिडकीवरून हलण्याआधी काना आणि रफार दोन्ही बघून घ्या.