पावतीवर काय छापावे: दान, वर्गणी की ओवाळणी?

गंगापूर रोडवरच्या एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सोसायटीतल्या बायकांनी यंदा संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वस्तू न वाटता त्याच पैशांतून काही मुलींची फी भरायची आणि दोघीतिघींना शिलाई मशीन घेऊन द्यायचे ठरवले. पावतीपुस्तक छापायला टाकताना वाद झाला. एक म्हणाली 'दान', दुसरी 'वर्गणी', तिसरी 'ओवाळणी'. बरोबर काय?

चूक कोणताच शब्द नाही. पण प्रत्येकात देणारा आणि घेणारी वेगवेगळ्या उंचीवर असतात, आणि तुमचा वाद खरा तिथला असावा.

'दान' मी तरी छापणार नाही. रामकुंडावर तो शब्द शोभतो. तिथे देणारा उदक सोडतो, पुण्य त्याच्या खाती आणि घेणाऱ्याचा हात खाली. शिवाय समास बघा: अन्नदान, रक्तदान, भूदान. पहिला शब्द दिलेल्या वस्तूचा. त्याच चालीवर कन्यादान! मुलीच्या हाती पैसा यावा म्हणून हा सगळा खटाटोप, आणि तिलाच वस्तूच्या जागी बसवून आलेला शब्द कशाला घ्यायचा?

'वर्गणी' रोखठोक आहे. ठरलेला वाटा द्या, हिशेब मागा. पण गणपतीच्या आधी दारावर येणाऱ्या पोरांनी त्या शब्दाला 'काढा' हे क्रियापद कायमचे चिकटवून ठेवले आहे.

'ओवाळणी' सगळ्यांत गोड. शब्द ओवाळण्यावरून आला, पण त्याचा अर्थ क्रियेचा नाही, तबकात पडणाऱ्या ऐवजाचा. चित्र डोळ्यांसमोर आणा. देणारा पाटावर बसलेला, टोपी सापडली नाही म्हणून डोक्यावर हातरुमाल. बाई उभी, ताटात निरांजन, सुपारी, सोन्याची अंगठी. आधी ती ओवाळते, मग तबकात काही पडते. म्हणून ओवाळणी घेताना कुणी मिंधी होत नाही. मनुस्मृतीत स्त्रीधनाचे जे सहा प्रकार सांगितले आहेत त्यांत भावाने दिलेलेही येते, म्हणजे तबकातले तिचे स्वतःचे. महर्षी कर्व्यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला. त्यांच्या संस्थेने पुढे दिवाळीच्या सुमारास घरोघर फिरून मुलींसाठी निधी जमवला, त्याचे नाव 'भाऊबीज'. 'अनाथ' म्हणून ओळखली जाणारी मुलगी त्या एका शब्दाने देणाऱ्याची बहीण झाली. (तेच क्रियापद 'ओवाळून टाकलेला' मध्ये मात्र निर्लज्ज माणसाच्या वाट्याला जाते.)

पण ताई, ओवाळणीला भाऊ लागतो, निदान पाडव्याचा नवरा तरी. तुमच्याकडे देणाऱ्या सगळ्या बायकाच. मग हळदीकुंकवाचाच शब्द का सोडता? 'वाण' म्हणा. भांडी बाजारातून पितळी वाट्या आणायचे दिवस गेले, प्लास्टिकचे डबे आले, पण क्रियापद टिकून आहे: वाण लुटायचे. लुटणे म्हणजे एरवी हिसकावणे, आणि 'मी यंदा वाट्या लुटल्या' म्हणणारीने त्या वाटलेल्या असतात! देणारीच लुटते, असा दुसरा प्रयोग मला चटकन आठवत नाही. शिवाय आज जिच्याकडून वाण घेतले, तिला रथसप्तमीच्या आत आपल्या घरी बोलवायचे असते. घेणारी कायम घेणारीच राहत नाही. शिलाई मशीन मिळालेली मुलगी चार वर्षांनी तुमच्या गटात वाण लुटायला आली, तर शब्द जागचा हलवावा लागणार नाही.

तेव्हा निमंत्रणावर लिहा, 'यंदाचे वाण: मुलींची फी आणि शिलाई मशीन'. पावतीवर मात्र सरळ 'देणगी' छापा. त्यात ना पुण्य, ना दारावरची पोरे, आणि हिशेब तपासणाऱ्याला 'वाण रु. ५००' म्हणजे काय हे समजावत बसावे लागणार नाही. 'देणगीदार' बाईलाही चालतो. 'देणगीदारीण' करू नका.