परदेशात वाढलेल्या माझ्या भाच्याला पणजोबांच्या मागच्या पिढ्या शोधायच्या आहेत. सुरुवात कुठून करावी?

नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय, म्हणजे तीर्थक्षेत्रातले पुरोहित, शोधा. यात्रेला आलेल्यांची नावे ते पिढ्यान्‌पिढ्या वह्यांत नोंदवत आले आहेत, त्याला नामावळी म्हणतात. आडनाव, मूळ गाव आणि पणजोबांचे नाव सांगितले की पान काढून देतात. कित्येकदा पूर्वजाने स्वतः लिहिलेल्या ओळी सापडतात. भाच्याला जरूर सोबत न्या, ते अक्षर त्याने स्वतः पाहायला हवे. जुना मजकूर मोडी लिपीत असू शकतो, म्हणून वाचणारा हाताशी असू द्या. मात्र घराण्यातले कोणी तिथे गेलेच नसेल तर नोंद मिळणार नाही. तेव्हा मूळ गावच्या तहसील कार्यालयात जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचा गाव नमुना 14 मागा.