मार्कचा शेवट आणि लिलावातला भोपळा

“मॅडम, देवाची सेवा शिकायला आलो, आणि इथं देवच सापडेना.”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्याने हे सांगून टाकलं. वय तेवीस. नगर जिल्ह्यातल्या (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात बसत नाही) एका खेड्यातला. शाळा-कॉलेज मराठीतून, आणि पुण्यातल्या एका सेमिनरीत, म्हणजे पाळक घडवणाऱ्या ख्रिस्ती कॉलेजात, बी.डी.चं (धर्मशास्त्राच्या पदवीचं) पहिलं सत्र चालू. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदललेत, नाव देत नाही.

अशा विद्यार्थ्यांचं ऐकून घ्यायला मी बसते, आणि हे वाक्य या ना त्या शब्दांत दरवर्षी ऐकते, साधारण दिवाळीच्या आगेमागे. मंडळीने, म्हणजे गावच्या चर्चच्या लोकांनी, विश्वासाची साक्ष ऐकून, डोक्यावर हात ठेवून, हार घालून पाठवलेली ही मुलं-मुली. चार महिन्यांत प्रार्थना कोरडी पडते आणि प्रश्न उभा राहतो: माझा विश्वास गेला का? मग इथं थांबून काय करू?

त्याच्या बाबतीत निमित्त झालं ते मार्कच्या शुभवर्तमानाचं, बायबलातल्या येशूच्या चार चरित्रांपैकी एकाचं. वर्गात सरांनी सांगितलं होतं, की सोळाव्या अध्यायात नवव्या वचनापासून पुढचा भाग चौथ्या शतकातल्या सगळ्यात जुन्या दोन मोठ्या हस्तलिखितांमध्ये नाही. तिथे मार्क आठव्या वचनावरच थांबतो. येशूची रिकामी कबर बघून बायका थरथर कापत पळतात आणि भीतीपोटी कुणाला काही सांगत नाहीत. संपलं.

त्याने पिशवीतून बायबल काढलं. आईचं. पाठीला कापडी पट्टी शिवलेली, पानांच्या कडा मऊ पडलेल्या. पान न शोधता उघडलं, कारण ते तिथेच उघडतं. पंधराव्या वचनाखाली लाल पेनाची रेघ, दोनदा मारलेली. सगळ्या जगात जाऊन सुवार्ता सांगा, असं प्रभू सांगतो ते वचन.

“आईनं माझ्यासाठी हे धरलं होतं. माझं पाचारण, देवाचं बोलावणं, ह्याच्यावर. आणि हेच नाही म्हणतात.”

इथे मी चूक केली. अभ्यास केलेला असला की गप्प बसवत नाही. तीच आज्ञा मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आहे, हस्तलिखितं कशी पडताळतात, असं पंधरा मिनिटं बोलले. तो प्रत्येक वाक्याला “हो मॅडम” म्हणत राहिला. आपल्या मुलांचं “हो मॅडम” म्हणजे दार लावून घेणं, हे मला इतक्या वर्षांनी तरी कळायला हवं होतं.

दुसऱ्या भेटीत मी मार्कला बाजूला ठेवलं आणि झोपेचं विचारलं. रात्री दोनपर्यंत जागरण. इंग्रजी पुस्तकाच्या एका पानाला पाऊण तास, कारण शेजारी डिक्शनरी. खिशात ग्रीक क्रियापदांच्या चिठ्ठ्या, रबर लावून. सकाळच्या प्रार्थनेला पेंगतो आणि ‘देव बोलत नाही’ म्हणून रडतो. श्रद्धा गेली म्हणून आलेल्यांपैकी बऱ्याच जणांची आधी झोप गेलेली असते, हे माझं मत कुणाला फार व्यवहारी वाटेल. वाटू दे. झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, मरणाचे विचार येत असतील, तर मी आधी डॉक्टरकडे पाठवते. प्रार्थना त्याच्यासोबत करता येते. त्याचं तिथवर गेलं नव्हतं.

मग विचारलं, “हे कुणाला कळलं तर सगळ्यात वाईट वाटेल?”

मला वाटलं, आई म्हणेल. नाहीतर पाळकसाहेब.

“भोपळेवाली मावशी.”

गावातल्या चर्चला कापणीच्या सणाला शेतातलं जे काही येतं ते वेदीपुढे मांडतात आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. त्या वर्षीचा लिलाव ह्याच्या फीसाठी होता. एक साधा लाल भोपळा, बाजारात चाळीस रुपयांना गेला नसता. कांद्याच्या खुरपणीला रोजाने जाणाऱ्या एका मावशीने बोली चढवत चढवत तो दोन हजारांना घेतला, आणि कापून सगळ्यांच्या जेवणात घातला.

“त्या भोपळ्याची भाजी मी पण खाल्ली, मॅडम.” आणि मग तो खरा रडला.

म्हणजे त्याला छळत होतं ते हस्तलिखित नव्हतं, कर्ज होतं. विश्वास ही त्या दोन हजारांची पावती झाली होती, कधीही दाखवायला लागेल अशी. तिच्यावर शंकेचा डाग पडलेला चालणार नव्हता. म्हणून तो देवाशीही खरं बोलेना.

मी त्याला तेरावं स्तोत्र काढायला लावलं. देवाला चार वेळा ‘कुठवर?’ विचारणारं. मग अठ्ठ्याऐंशीवं, जे शेवटच्या ओळीतही अंधारातच राहतं. त्याने मान वर केली. “देवाला असं बोललेलं चालतं?” मी म्हटलं, बायबलातच छापलंय, मी काय सांगू. रोज दहा मिनिटं आईच्या बायबलातून, मराठीतून, पेन्सिल हातात न घेता वाचायचं, एवढंच ठरलं. आणि हे वर्गातल्या त्या सरांना जाऊन सांगायचं. याला तो तीन आठवडे लावणार होता.

त्याला पंडिता रमाबाईंचंही सांगितलं, कारण त्यांचं मुक्ती मिशन जिथे आहे ते केडगाव त्याला माहीत होतं, बाई माहीत नव्हत्या. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि मग शिकवणाऱ्या सिस्टरांशीच मतांवरून पत्रापत्री करून वाद घातले. पुढे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, की ख्रिस्त आपल्याला खऱ्या अर्थाने भेटला तो बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी. नंतर ह्याच बाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं. 1922 मध्ये वारल्या, तोवर ते काम चालू होतं.

“आठ वर्षं?” तो म्हणाला. बोटांवर मोजलं. “म्हणजे माझी अजून साडेसात आहेत.” पहिल्यांदा हसला.

सरांकडे गेला तेव्हा सरांनी दार लावून घेतलं आणि आपल्या पहिल्या वर्षाचं सांगितलं. काय सांगितलं ते मी विचारलं नाही.

नाताळाला गावी गेला. जानेवारीत आला तो मला ‘ताई’ म्हणत. चुलीपाशी मावशीला सगळं सांगून टाकलं होतं म्हणे: जुन्या पोथ्यांत मार्क बायकांच्या भीतीवरच संपतो, त्या कुणाला काही सांगत नाहीत, आणि माझंही सध्या तसंच चाललंय. मावशीने भाकरी उलटली. म्हणाली, “येडाय का? त्या बाया गप्पच बसल्या असत्या तर आपल्याला कोण सांगणार होतं? भ्याल्या असतील दोन दिस.” आणि त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

भोपळ्याबद्दल ती काहीच बोलली नाही. बहुतेक विसरली होती.

ग्रीकच्या पेपरला मात्र त्याला पुन्हा बसावं लागलं.