गणपतीनंतर बसलेला आवाज: भजनी बुवांच्या प्रश्नाला उत्तर

बुवा, तुम्ही लिहिलंय की गणपतीत कुडाळच्या आसपास रोज रात्री घरोघरी भजनं झाली, अनंत चतुर्दशीपासून आवाज बसलाय आणि आता चौथा आठवडा चालू आहे. तार सा (वरच्या सप्तकातला सा) लागत नाही. ज्येष्ठमध, गरम पाणी सुरू आहे आणि कार्तिकात डबलबारीची (दोन बुवांच्या भजन-सामन्याची) सुपारी घेतली आहे.

आधी ज्येष्ठमधाचं बोलू. आपण गिळतो ते अन्ननलिकेत जातं. स्वरतंतू श्वासनलिकेच्या तोंडाशी असतात, त्यामुळे काढा, मध किंवा ज्येष्ठमध त्यांना लागतच नाही. घशाला बरं वाटतं, इतकंच. ज्येष्ठमध रोज, पुष्कळ दिवस चघळलं तर रक्तदाब वाढू शकतो. रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर ते बंदच करा.

तीन आठवड्यांहून जास्त बसलेल्या आवाजावर तंतू न बघता उपचार करू नयेत, या मतावर मी ठाम आहे. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या आणि सोय असेल तर स्ट्रोबोस्कोपी (लुकलुकत्या प्रकाशात तंतूंची थरथर संथ करून दाखवणारी तपासणी) करायला सांगा. साध्या दुर्बिणीत सूज, गाठ दिसते, पण तंतूंवरची लाट कुठे अडते ते स्ट्रोबोस्कोपीतच कळतं. नोड्यूल (तंतूंवरच्या घट्ट्यासारख्या बारीक गाठी) बहुधा दोन्ही तंतूंवर समोरासमोर येतात, पुढच्या एक तृतीयांश भागाच्या शेवटी, कारण आपटण्याचा मार तिथे सगळ्यात जास्त बसतो. ते बहुतेकदा व्हॉइस थेरपीने (आवाज नीट वापरायला शिकवणाऱ्या व्यायामांनी) उतरतात. पॉलिप (मऊ फुगवटा) बहुधा एकाच बाजूला असतो आणि पुष्कळदा शस्त्रक्रियेने काढावा लागतो. गाता गाता आवाज एकदम गेला असेल तर तंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. अशा वेळी पूर्ण मौन पाळायचं आणि दोन दिवसांच्या आत तपासणी करून घ्यायची. थुंकीत रक्त, गिळताना त्रास, मानेत गाठ, श्वास घेताना आवाज येणं, किंवा तंबाखू, मिश्री, विडीची सवय असेल तर तीन आठवडेही थांबायचं नाही.

तपासणीला जाईपर्यंत घरी दोन गोष्टी मोजा. पूर्ण श्वास घेऊन 'स्‌ऽऽ' किती सेकंद टिकतो ते बघा, मग तसाच श्वास घेऊन भुंग्यासारखा 'झ्‌ऽऽ'. दोन्ही साधारण सारखे टिकायला हवेत. 'स' 20 सेकंद आणि 'झ' 13 सेकंद असेल तर गुणोत्तर 1.5 होतं. 1.4 च्या वर गेलं की तंतू नीट मिटत नाहीत अशी शंका घ्यायची. दुसरं म्हणजे वरच्या पट्टीत अगदी मंद, तुटक 'ऊ, ऊ, ऊ' लावायचा. आधी नुसती हवा आणि मग आवाज असं होत असेल तर सूज असू शकते. इथे जोर लावू नका. जोराने सूज झाकली जाते, म्हणूनच मोठ्या आवाजात गाणाऱ्याला ती उशिरा कळते.

आता व्यायाम. रक्तस्रावाची शंका असेल तर तपासणी होईपर्यंत हाही करायचा नाही. अर्धा ग्लास पाणी घ्या आणि साधी स्ट्रॉ पाण्यात 2 सेंटिमीटर बुडवा. आधी नुसते बुडबुडे काढा, मग त्यातूनच 'ऊ' लावा. पुढे मध्य सा पासून प पर्यंत मींडेने (स्वर न तोडता, सरकत) जाऊन परत या. 3 ते 5 मिनिटं, दिवसातून पाच-सहा वेळा. बाहेर पडायची वाट अरुंद झाली की हवेचा दाब मागे फिरतो, तंतू किंचित दूर राहतात आणि कमी जोरात आपटतात. चुका ठरलेल्या असतात. स्ट्रॉ तळापर्यंत बुडवली की घसा आवळतो. मान पुढे काढली की स्वरयंत्र वर ओढलं जातं. नाकातून हवा गळली तर दाबच तयार होत नाही, म्हणून मध्येच नाक चिमटीत धरून बघा, आवाज बदलला तर गळती आहे. हे सहज जमलं की 'म्‌ऽऽ' आणि त्यानंतर गजराची एक ओळ स्ट्रॉमधून, मग स्ट्रॉशिवाय.

कुजबुजून बोलू नका, त्यानेही ताण येतो. खाकरण्याऐवजी पाण्याचा घोट घ्या. वाफ साध्या पाण्याची, बाम न घालता. रात्री दोन वाजता उसळ-पाव खाऊन लगेच आडवं झालं की आम्ल स्वरतंतूंपर्यंत येतं. खाणं आणि झोप यांत दोन-तीन तास हवेतच.

पट्टीचा प्रश्न भजनी मंडळींना रुचत नाही, तरी लिहितो. पेटीच्या पांढरी चारमध्ये तार सा लावताना तंतू सेकंदाला सुमारे 350 वेळा आपटतात, काळी दोनमध्ये सुमारे 310. दोन अर्धस्वरांनी पट्टी उतरवली तर बारीभर तेवढा मार वाचतो. शिवाय पखवाज आणि झांज कानाशी असली की आपण नकळत ओरडतो, म्हणून मॉनिटर (आपलाच आवाज आपल्याला ऐकवणारा स्पीकर) तोंडासमोर आणि माईक चार बोटांवर ठेवा. गजर चढला की वरची ओळ कोरसला द्या.

नोड्यूलची थेरपी दीड-दोन महिने चालते. त्यामुळे कार्तिकातली पहिली बारी दुसऱ्या बुवांना द्या. मंडळाला आत्ताच सांगितलंत तर त्यांचीही अडचण होणार नाही.

तुमच्या बाजूने बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजचा कान-नाक-घसा विभाग जवळ पडेल. मुंबईला जाणं जमत असेल तर थेरपीसाठी वांद्र्याची अली यावर जंग ही वाक् व श्रवणाची राष्ट्रीय संस्था आणि नायर रुग्णालयाचा वाक् व श्रवण विभाग आहे. जाताना गणपतीआधीच्या एखाद्या भजनाचं रेकॉर्डिंग आणि आत्ताचं, दोन्ही मोबाईलमध्ये न्या. पूर्वी तुमचा आवाज कसा होता हे थेरपिस्टला दुसऱ्या कशातून कळणार नाही.