बाबांची पुस्तकं मेलबर्नला आणू का?

मेलबर्नहून एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वडील गेल्या वर्षी गेले. कोथरूडचा फ्लॅट विकायचं ठरलंय आणि आई भावाकडे ठाण्याला राहायला जाणार आहेत. अडलंय ते बाबांच्या पुस्तकांपाशी. तीन भिंती भरून पुस्तकं आहेत, हजाराच्या आसपास. भाऊ म्हणतो, आमच्याकडे एक कपाटही मावायचं नाही. आई म्हणतात, एकही पुस्तक रद्दीत जाता कामा नये. मैत्रीण लिहिते: “मला वाटतं, कंटेनर करून सगळीच इकडे आणावीत. पण मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सात. मराठी छान बोलतात, वाचताना अडखळतात. मग आणायची कोणासाठी? आणि नाही आणली तर बाबांनाच मागे टाकून आल्यासारखं वाटतं. ताई, काय करू?” पत्राच्या शेवटी आणखी एक विचारणा आहे. बाबांची सही असलेली पहिली पानं कापून त्यांचा अल्बम केला तर चालेल का?

सगळी आणू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं मोकळेपणाने बोलता येईल. हजार पुस्तकं परदेशातल्या घरात आली की ती गॅरेजमध्ये खोक्यांत राहतात. एखादं वर्ष ‘या सुट्टीत लावू’ म्हणण्यात जातं, मग खोकी कशावर तरी कशाखाली तरी सरकतात. अशी बरीच घरं मी पाहिली आहेत. त्या घरातल्या माणसांचं पुस्तकांवर प्रेम नव्हतं असं मुळीच नाही. एकेक पुस्तक हातात घेऊन ठरवायला तेव्हा कोणाला सवड मिळाली नाही, एवढंच.

पण कुठली आणायची हे बघण्याआधी एक गोष्ट. तुमच्या पत्रात पुस्तकं सगळीकडे ‘बाबांची’ आहेत. आई येतात त्या फक्त एका वाक्यात, रद्दीला नको म्हणायला. त्या भिंती त्यांच्याही घरातल्या होत्या. पावसाळा सरल्यावर पुस्तकं खाली उतरवून कोणी झटकली, दुपारी ओटा आवरून झाल्यावर त्यातलं काय काढून वाचलं, कोणतं पुस्तक मैत्रिणीला दिलं आणि ते परत आलंच नाही, हे आईंना कधी विचारलंय का? पुस्तकं विकत आणायची वडिलांनी आणि दुपारभर वाचायची आईने, असं आपल्या आधीच्या पिढीत कितीतरी घरांत होतं. संग्रहाला नाव मात्र वडिलांचं लागायचं.

म्हणून पहिली निवड आईंची. भावाला सांगा, कपाट नको, दोन फळ्या दे, त्यांच्या पलंगाजवळ, बसल्या जागी हात पोचेल अशा. घर, शेजार, ओळखीचा भाजीवाला, रोजचा रस्ता, सगळं एकदम सुटणार आहे त्यांचं. त्या दोन फळ्या ठाण्याला जाणं तुमच्या कंटेनरपेक्षा जास्त निकडीचं आहे. आणि ठाण्यात १८९३ पासूनचं मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, तिथलं सभासदत्व त्यांच्या नावाने काढून ठेवा. पुस्तक बदलायच्या निमित्ताने बाहेर पडणं होईल, ओळखी होतील.

घर आवरायला पुण्याला जाल तेव्हा पहिल्या दिवशी एकही पुस्तक हलवू नका. फोन काढा आणि प्रत्येक फळीचा समोरून फोटो घ्या, पाठकण्यावरची नावं वाचता येतील इतक्या जवळून. कुठलं पुस्तक कुठल्या पुस्तकाशेजारी होतं, खुर्चीच्या हाताशी काय होतं, सगळ्यात वर काय गेलं होतं, यातून माणूस जितका कळतो तितका यादीतून कळत नाही. बाबांच्या हाताशी ज्योतिषाची पुस्तकं होती की प्रवासवर्णनं, हे तुमच्या मुलीला पुढे कधीतरी जाणून घ्यावंसं वाटेल. मग आईंना शेजारी बसवा, फोन रेकॉर्डिंगला लावा आणि फळीवर बोट ठेवून विचारत जा. हे अप्पा बळवंत चौकातून आणलं का? हा संच प्रकाशनपूर्व सवलतीत घेतला होता का? पैसे कसे भरले? आमच्या घरांत पगार बेताचा असताना हप्त्यांवर पुस्तकं घेतलेली आहेत, आणि त्या हप्त्यांसाठी काय मागे पडलं हे घरातल्या बाईला पक्कं आठवत असतं.

आता निवड. माझ्या न्यू जर्सीच्या घरात सासऱ्यांची काही पुस्तकं आहेत. त्यांना सवय होती, पुस्तक संपलं की शेवटच्या पानावर खाली पेन्सिलीने तारीख आणि जागा लिहायची. ‘दादर–कर्जत’, ‘के.ई.एम., वॉर्डबाहेर’, ‘घरी, ताप’. बहुतेक पुस्तकांत एक तारीख, काहींत एकही नाही. पण मोजक्या पुस्तकांत दोन-तीन तारखा आहेत, मध्ये पंधरा-वीस वर्षांचं अंतर. ती पुस्तकं आम्ही आणली. त्यांतलं एक कवितांचं पातळसं पुस्तक आहे. त्यावर पहिली तारीख लग्नाआधीची, शेवटची सासूबाई गेल्या त्या महिन्यातली. ते मी वाचते तेव्हा कुठल्या कवितेपाशी ते थांबले असतील याचा अंदाज मला येतो, कारण तिथली पानं जास्त मऊ झाली आहेत.

तुमच्या बाबांनी तारखा लिहिल्या नसतीलही. पण पुन्हा पुन्हा उघडलेलं पुस्तक ओळखू येतं. ते टेबलावर ठेवलं की ठरावीक पानावर आपोआप उघडतं. पाठकण्याला आडव्या चिरा पडलेल्या असतात, कोपरे दुमडलेले असतात, आत एस.टी.चं तिकीट किंवा लाइटबिल खुणेला घातलेलं असतं. अशी पुस्तकं आधी बाजूला काढा, विषय काहीही असो. माझ्या शेल्फवर माझ्या आईचं ‘रुचिरा’ आहे. शिवण उसवली आहे, पुरणपोळीच्या पानावर हळदीचा अंगठा आहे आणि समासात तिने लिहिलंय, ‘८ माणसं – दुप्पट, गूळ मात्र दीडपट’. नवी आवृत्ती कोणत्याही दुकानात मिळेल. गुळाची ती दुरुस्ती नाही मिळणार.

याउलट समग्र वाङ्मयाचे संच, रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांचे, सहसा कोरे करकरीत निघतात. ते आणायची गरज नाही, कितीही रुबाबदार दिसले तरी. कोशांचं ओझंही नका घेऊ. मराठी विश्वकोशाचे वीसही खंड इंटरनेटवर फुकट वाचता येतात. मोल्सवर्थचा शब्दकोश आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन शोधता येतील असे ठेवले आहेत. मी स्वतः रोज तेच वापरते. जे पुस्तक आजही छापून येतंय ते तुम्ही पुण्याच्या कुठल्याही विक्रेत्याकडून कधीही मागवू शकता. अडचण येते ती एकच आवृत्ती निघून संपलेल्या पुस्तकांची: गावाचा इतिहास, एखाद्या शाळेची स्मरणिका, छोट्या प्रकाशकाचं आत्मचरित्र. ती एकतर तुम्ही घ्या, नाहीतर जपणाऱ्या ग्रंथालयाच्या हाती स्वतः द्या.

दिवाळी अंकांचा ढीगही असणारच. जाड, जड आणि बांधणीने कच्चे. त्यातले ज्यांत बाबांनी काही खूण केली आहे किंवा त्यांचं पत्र छापून आलं आहे तेवढे ठेवा.

वजनाचा हिशेब सोपा आहे. दोनशे पानांचं साधं पुस्तक साधारण पाव किलो भरतं. विमानाची २३ किलोची बॅग धरली आणि बॅगेचं स्वतःचं वजन वजा केलं, तर सत्तर-पंचाहत्तर पुस्तकं मावतात. दोन माणसांच्या दोन बॅगांत दीडशेच्या आसपास. दीडशे पुस्तकं म्हणजे घरातलं एक चांगलं भरलेलं कपाट, आणि तेवढीच वाचूनही होतात. कंटेनरचा खर्च, त्याची कागदपत्रं आणि बंदरावरचं थांबणं या सगळ्यातून तुम्ही सुटाल. बाबांचं लाकडी कपाट आणायचा मोह झाला तर लक्षात ठेवा, ऑस्ट्रेलियात लाकडी वस्तू आधी जाहीर करावी लागते, आणि त्यात भुंगेऱ्याची भोकं दिसली तर ती अडकते.

पुस्तकं भरण्याआधी कसर तपासा. चंदेरी, चपळ, पान उघडलं की पळणारा किडा. खळीवर जगतो, म्हणून जुन्या बांधणीत सापडतो. संशय असेल ते पुस्तक हवाबंद प्लॅस्टिक पिशवीत घालून डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, पुस्तक खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर कागदावर पाणी धरतं. कडक उन्हात वाळत घालू नका, पिवळा कागद आणखी ठिसूळ होतो. सावलीत, वाऱ्यावर, पानं थोडी उघडी ठेवून पुरे. आणि फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. काही वर्षांत टेप सुटते आणि तपकिरी डाग कायमचा राहतो.

उरलेली सात-आठशे पुस्तकं. आईंचा शब्द मोडायचा नाही, म्हणजे रद्दी नाही. मोठ्या शहरी वाचनालयांकडे यातली बहुतेक असतात आणि जागा नसते, त्यामुळे टेम्पो भरून थेट दारात नेऊ नका. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ चा आहे, आणि शासनमान्य वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत. क आणि ड वर्गातली, तालुक्या-गावातली वाचनालयं शोधा. बाबांचं मूळ गाव असेल तर तिथलंच. आधी यादी पाठवा, लेखक, नाव, वर्ष एवढी, आणि त्यांना निवडू द्या. वीस-पंचवीस पुस्तकं मेलबर्नमधल्या मराठी कुटुंबांसाठीही ठेवा. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाच्या पेट्या दुबईपर्यंत पोचल्या. एका गटाकडे एक पेटी, वाचून झाली की दुसऱ्या गटाच्या पेटीशी अदलाबदल. चार घरं तयार असली तरी हे घरच्या घरी सुरू करता येतं.

मुलांचं बोलू. बाबांचं शेल्फ मुलांसाठी आणताय असं मनात धरू नका, त्याचा भार त्यांच्यावर पडतो. त्यांना त्यांची स्वतःची फळी द्या, खालची. सात वर्षांच्या मुलासाठी ‘प्रथम बुक्स’च्या स्टोरीवीव्हरवर पातळीनुसार मराठी गोष्टी फुकट आहेत. अकरा वर्षांच्या मुलीला मात्र ‘कमळ, बदक’ पुढे ठेवलं तर तिला अपमान वाटेल, आणि तिचं बरोबर असेल. तिला सांगा, धाकट्याला वाचून दाखव. तीच सोपी पुस्तकं, पण आता ती शिकवणारी. जोडाक्षरं सुटू लागली की बालभारतीचं ‘किशोर’ द्या. १९७१ पासूनचे जुने अंक त्यांच्या संकेतस्थळावर आहेत. तुम्ही लहानपणी वाचलेला एखादा अंकही त्यात सापडेल.

‘श्यामची आई’ मुलांच्या हातात देऊन ‘वाच’ म्हणू नका. साने गुरुजींनी ते १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यातली कोकणातली घरं, सोवळं, व्रतं मुलांना एकट्याने उलगडणार नाहीत. पण ते ऐकण्याचं पुस्तक आहे. प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय, रोज रात्री सांगितलेल्या आठवणी म्हणून. एक प्रत आईंकडे ठाण्यात, एक तुमच्याकडे. शनिवारी मेलबर्नला संध्याकाळचे सात म्हणजे ठाण्यात दुपारचे अडीच, तुमचं उन्हाळी वेळापत्रक असेल तेव्हा दीड. आजीची झोप व्हायच्या आधी व्हिडिओवर एक रात्र वाचून होते. मुलं आपल्या प्रतीत ओळीवर बोट ठेवून पुढे सरकतात, आजी थांबून सांगते की आमच्याकडेही असंच होतं. ज्या घरांना मी हे सुचवलं त्यांतल्या काहींत मुलांनीच पुढचा आठवडा मागितला. तुमच्याकडे आईंना आत्ता कोणीतरी वाट पाहणारं हवंच आहे.

राहिली कापायची पानं. कापू नका. सही, ‘सप्रेम भेट’, मुंजीत मिळाल्याची नोंद, शाळेच्या बक्षिसाची चिठ्ठी, या सगळ्याचे फोटो काढा, हजार पुस्तकांचे काढायला दोन दुपारी लागतील. वाचनालयात जाणाऱ्या पुस्तकावर बाबांचं नाव राहू द्या. खेड्यातला कुणी मुलगा ते उघडेल तेव्हा हे कोणाचं होतं ते त्याला कळायला हवं. आणि एखादी सही स्वतःजवळ ठेवायचीच असेल तर ते पुस्तक अख्खं बॅगेत घाला, पाव किलोचंच तर आहे.